मी खोकले की वळा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा लेख द्यायला मी लगेच हो म्हटलं. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मास्तरणीला बोलायला आणि लिहायला विषय कमी पडत नाहीत. पण फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि बाई, लेखाबरोबर तुमचा एक चांगलासा फोटो पाठवा." तिथं घोडं पेंड खायला लागलं. लेख चार दिवसांत झाला. फोटोला तीन आठवडे लागले.

माझे वरचे दोन दात पुढे आहेत. लहानपणी त्याचं कुणाला काही नव्हतं, मलाही नव्हतं. विसाव्या वर्षी वडिलांनी गुलमंडीजवळच्या एका स्टुडिओत माझा उभा फोटो काढून घेतला, स्थळांना पाठवायला. मागे रंगवलेला बगीचा, शेजारी उंच स्टुलावर प्लॅस्टिकची फुलं. तो फोटो तीन घरी गेला आणि तिन्ही घरांतून परत आला. तिसऱ्यांदा आला तो मधोमध घडी पडून. आईनं तो गादीखाली ठेवून सरळ करायचा प्रयत्न केला. पुढे लग्न झालं, चांगलं झालं, नवऱ्यानं मला समोर पाहून पसंत केलं. पण त्या घडीची रेघ काही माझ्या डोक्यातून गेली नाही. लग्नाच्या अल्बमात मी सगळीकडे ओठ गच्च मिटून उभी आहे. बघणाऱ्याला वाटावं, पोरीला बळंच बोहल्यावर चढवलंय.

आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं? तर गावोगावच्या बायकांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं.

मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं पहिल्यांदा निघालं, तेव्हाची ही गोष्ट. आता आपल्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा औरंगाबादच होतं. मी सोयगावकडच्या एका खेड्यात शिकवत होते आणि तिथंच खोली घेऊन राहत होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यांना माझा पत्ता ठाऊक आहे. सरकारी काम निघालं की आधी मास्तर आठवतो. माणसं मोजा, गुरं मोजा, डोस पाजा, बोटाला शाई लावा. त्यात फोटोची भर पडली. पण अडचण अशी झाली की बाया बसेनात. पुरुष इस्त्रीचे सदरे घालून रांगेत उभे, आणि बायकांची रांग रिकामी. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की तुकडीत एक बाई द्या. आसपासच्या बावीस गावांत बाईमास्तर मी एकटी होते. झालं.

तुकडीत आम्ही तिघं. यादी सांभाळणारे एक कारकून, फोटोग्राफर नईमभाई आणि मी. नईमभाईंचा शहागंजच्या मागे लहानसा स्टुडिओ होता. काम ऐकायला सोपं. शाळेच्या खोलीत भिंतीला पांढरी चादर लावायची, पुढं खुर्ची ठेवायची. खुर्चीतल्या माणसाच्या हातात पाटी, पाटीवर यादीतला त्याचा नंबर खडूनं लिहिलेला. फोटोत नंबर आला पाहिजे, म्हणजे एकाचं नाव दुसऱ्याच्या तोंडाला चिकटायला नको. पाट्या माझ्या पहिलीच्या वर्गातल्या. एका रिळात छत्तीस माणसं आणि माणशी एकच फोटो. डोळे मिटले तर मिटले, जन्मभर मिटलेलेच.

पाटीवरून पहिल्याच दिवशी तंटा झाला. एक आजोबा पाटी हातात घेईनात. "नंबराची पाटी चोराच्या गळ्यात अडकिवत्यात. म्या काय दरवडा घातलाय?" म्हणाले. कारकून त्यांना नियम वाचून दाखवायला लागले. मी म्हटलं, "आजोबा, ही माझ्या पोरांची पाटी आहे. तुमचं नाव आज पहिलीत घातलंय." आजोबांनी पाटीचा वास घेतला, बोटानं कडेची लाकडी पट्टी चाचपली. मग ती छातीशी धरून असे ताठ बसले, की नईमभाईंना त्यांना थोडं ढिलं व्हायला सांगावं लागलं.

बायकांचं प्रकरण मात्र निराळं होतं. पदर मागे आणि चेहरा वर, एवढंच हवं होतं. पण तेवढंच होत नव्हतं. परक्या पुरुषानं रोखून बघायचं, तेही एक डोळा मिटून, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. यावर तोड नईमभाईंनीच काढली. माणूस फार अदबीचा. त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर पक्का केला, खुर्चीच्या पायाशी खडूच्या खुणा केल्या, दाराला पडदा लावला, आणि मला म्हणाले, "बाई, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. तुम्ही त्यांना बसवा, पदर नीट करा, पाटी द्या. सगळं जमलं की जरा खोकून द्या. मी वळलो, बटन दाबलं, परत भिंतीकडं. चेहरा बघायचं काम तुमचं, माझं काम फक्त बटन."

मी म्हटलं, "ठरलं. मी खोकले की वळा."

बावीस गावांत ही पद्धत चालली. पडद्याआड मी, ती बाई आणि नईमभाईंची पाठ. बायका त्या पाठीवर खूश होत्या. एकीनं मला विचारलंही, "ह्यांची बायकू लई नशीबवान हाय, नाय?" माझा घसा मात्र त्या दोन महिन्यांत बसला. खोटं खोकून खोकून खरा खोकला लागला, आणि एकदा खराच खोकला आला तेव्हा नईमभाईंनी वळून रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला.

प्रत्येक गावात सुरुवातीला मला स्वतःला बसून दाखवावं लागे. "बघा, असं बसायचं. बाईंना काही झालं का?" कोरी पाटी घेऊन मी बसायची, दात झाकायला ओठ आवळून. सगळ्या बाया दाराशी गर्दी करून बघायच्या आणि आपली पाळी आली की तश्शाच बसायच्या. पुढे कितीतरी दिवसांनी नईमभाईंनी मला सांगितलं, "बाई, बावीस गावांतल्या सगळ्या बायका ओठ आवळून बसल्यात. मला वाटलं, या भागात तशी रीत असेल."

अपवाद एकच, हमीदाबी. आमच्याच गावच्या. हजला जाऊन आलेल्या, त्यासाठी पासपोर्टचा फोटो काढलेल्या. त्या आल्या, खुर्चीत टेकल्या आणि मी पदराला हात लावायच्या आत म्हणाल्या, "मला शिकवू नको गं. माझा फोटू मक्का-मदिना करून आलाय." मग भिंतीकडे तोंड केलेल्या नईमभाईंना त्यांनी सुनावलं, "ए बेटा, इधर देख. मैं तेरी नानी की उमर की हूँ." त्या दिवशी खोकायची गरजच पडली नाही.

आता मुद्द्यावर येते. हसण्यासारखं बरंच आहे, पण मी ज्यासाठी लिहायला बसले ते सांगायला जड जातंय.

आमच्या गावात पाच सुनांचं एक घर होतं. खातंपितं, मानाचं. सासूबाईंनी निरोप धाडला, "आमच्या सुना शाळंत येनार नायत. फोटूच घरी आना." आम्ही खुर्ची, चादर, पाट्या घेऊन घरी गेलो. माजघरात पडदा लावला. कारकून ओसरीवर बसून नावं पुकारायला लागले.

पहिली आली थोरली, गयाबाई. पंचेचाळिशीची, धिप्पाड, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली बाई. विहिरीवर, दळणाला, बाजाराला तीच जायची. बसली, मी खोकले, फोटो झाला.

कारकुनांनी दुसरीचं नाव पुकारलं. छातीपर्यंत पदर ओढलेली बाई आली, खुर्चीत बसली. मी पदर वर सारला. गयाबाई! साडी तेवढी निराळी. मला वाटलं, काही विसरलं म्हणून परत आली. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "बाई, पोरी आत थरथर कापायल्यात. धाकलीनं तर सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला नाय. मपलंच थोबाड घ्या पाच येळा. कोन बघतंय?"

मी नईमभाईंकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून, माझ्या खोकल्याची वाट बघत उभे होते.

काय करायला हवं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. आत जायचं, एकेकीला हाताला धरून आणायचं. वेळ गेला असता, पण जमलं असतं. मी याहून हट्टी बाया बसवल्या होत्या. पण आतून कुणीतरी मुसमुसत असलेलं ऐकू आलं, आणि मला तो घडी पडलेला फोटो आठवला. वाटलं, सुटतायत तर सुटू देत बिचाऱ्या. पुढच्या गावालाही जायचं होतं. मी खोकले.

तिसरीच्या साडीत गयाबाई आली, मी खोकले. चौथीच्या साडीत आली, खोकले. पाचव्यांदा हिरवी साडी होती, धाकट्या मंदाच्या लग्नातली, आणि गयाबाईला ती पोटऱ्यांपर्यंतच येत होती. पाटीवर मंदाचा नंबर मीच लिहिला. नईमभाई वळले, बटण दाबलं, परत भिंतीकडे. बाहेर सासूबाईंनी चहा केला होता. त्या चहात साखर भरपूर होती, आणि मी तो दोनदा घेतला.

वर्षभरानं कार्डं आली. त्या घरात कुणाचं कार्ड कुठलं हे बायका साडीवरून ओळखायच्या. पदर आपला, तोंड गयाबाईचं. ट्रंकेत गेली आणि विषय मिटला. निदान मला तसं वाटलं.

पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या. त्या घराच्या वॉर्डातली जागा बाईला आली आणि सरपंचपदही बाईलाच. घरात सही करता येणारी एकच सून होती, सातवी झालेली धाकटी मंदा. सासऱ्यांनी तिचं नाव पक्कं केलं. घरचा हिशेब सरळ होता: सही सुनेची, कारभार आपला. मंदाला कुणी विचारलं नसणार.

अर्जांच्या छाननीच्या दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, शाळेच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. नाकापर्यंत पदर. एकटी. मी त्या गावात सात वर्षं होते, पण मंदाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"बाई, मी मंदा. दुसरीतल्या सुनीताची आई."

मी तिला वर्गात बाकावर बसवलं. तिनं पिशवीतून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. छाननीत समोरच्या पॅनलच्या माणसानं हेच कार्ड उचलून धरलं होतं. म्हणाला होता, साहेब, कार्डातल्या बाईच्या हनुवटीवर तीन ठिपके दिसतात, या बाईला पदर वर घ्यायला सांगा. भरल्या कचेरीत मंदानं पदर वर घेतला. हनुवटी कोरी.

"मंग सायब काय म्हणाले?"  मीही तिच्याच बोलीत विचारून गेले.

"म्हनले, तीन दिसांनी अकरा वाजेपतुर ही बाई तीच हाय ह्याचा पुरावा आना. आन् कार्डावर दुसरीचा फोटू कसा आला ते लिहून द्या. नायतर अर्ज बाद. ते लोक तर म्हन्त्यात, थोरल्या जाऊबाईवर खोट्या कार्डाची केस करू." तिनं कार्ड पालथं घातलं. "मामंजी म्हनले, अर्ज मागं घे, भानगडच नको."

"आणि तुला काय वाटतं? घ्यायचा मागे?"

"नाय."

असं 'नाय' मी त्या घरातून कधी ऐकलं नव्हतं. मी कारण विचारलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं. पटांगणात तिची सुनीता दोरीवरच्या उड्या मारत होती.

"ही शाळा चौथीपतुर. पाचवीला नाल्यापल्याड जायचं, तर पोरीला कोन धाडतंय? मलाबी सातवी झाल्यावर काढली तवा मी लई रडले, पर माझ्या माहेरी सातवी तरी व्हती. हिला दोन वर्सांनी चुलीपुढं बसवतील. मला पाचवीचा वर्ग पायजे, बाई. त्यो मागायला आमच्या घरातला एकबी बाप्या जानार नाय."

ज्या बाईवर दया करून मी तिला फोटोतून सोडवलं, ती काय मागत होती बघा. तिला सोडवायची गरज नव्हती. तिला थोडा वेळ द्यायला हवा होता, आणि तो मी दिला नव्हता. मला माझीच लाज वाटली. दया आली की माणूस कामात आळशी होतो, हे मी तेव्हा शिकले. अजूनही कुणाची फार दया आली, की मी आधी स्वतःकडे संशयानं बघते.

लिहून कोण देणार, हा प्रश्नच नव्हता. पडद्याआड चेहरा बघायचं काम माझं होतं. गयाबाईनं लिहून दिलं असतं तर तिच्यावर केस. मी लिहून दिलं तर माझ्या नोकरीवर गदा. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण चूक माझ्या खोकल्याची होती. मी म्हटलं, "उद्या पहाटेच्या एसटीनं शहरात जायचं. गयाबाईंनाही घे. आणि येताना सगळी कार्डं आणा."

शहागंजच्या मागच्या त्या स्टुडिओत नईमभाईंनी आमचं स्वागत केलं, खुर्च्या दिल्या. गयाबाईनं पदराची गाठ सोडली आणि पाचही कार्डं काचेच्या टेबलावर मांडली. नईमभाईंनी चष्मा लावला. एक बघितलं, दुसरं बघितलं. पाचवं बघून झाल्यावर चष्मा काढून ठेवला.

"हे फोटो मी काढलेत," ते म्हणाले. "पण मी भिंतीकडं बघत होतो, बाई. तुमच्या भरवशावर."

बास, एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. त्यांनी पाचही कार्डं एका ओळीत लावली, आणि ते एकदम हसायला लागले. "या अल्ला, पाच पाच साड्या! आणि मला वाटायचं, मेरा काम पक्का है." गयाबाईही हसली. मंदा मात्र खाली बघत होती.

आतल्या खोलीत तिला स्टुलावर बसवलं. पदर मागे सारला, केस नीट केले. पाटी नव्हती, तर हात कुठं ठेवावेत तिला कळेना. मान वर केली की पुन्हा खाली. मी तीनदा हनुवटी वर केली, तीनदा ती खाली गेली. नईमभाई भिंतीकडे तोंड करून निवांत उभे होते.

"मंदा, कचेरीत भरल्या सभेत पदर वर घेतलास की. इथं काय झालं?"

"तिथं त्ये बघून सोडनार व्हते, बाई. ह्ये कायमचं ऱ्हाणार. मी कशी दिसते ते मलाच ठावं नाय. वाईट आलं तर?"

याला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसले. नेहमीचा नमुना. पण या वेळी तिला तो बगीचावाला फोटो सांगितला, तीन घरं सांगितली, घडी सांगितली. आणि ओठ उघडून दात दाखवले. "यांच्यापायी परत आला."

मंदानं जवळ येऊन माझे दात नीट बघितले. सुनीताची पाटी तपासते तसे.

"एवढ्यापायी?" ती म्हणाली. "दात तर समद्यांनाच असत्यात. कामून परत पाठवला मंग? येडे व्हते का त्ये लोक?"

गयाबाई भिंतीला टेकून फिदीफिदी हसायला लागली. मंदाही हसली. ती हसताना डाव्या गालाला खळी पडते, हे मला त्या क्षणी कळलं. सात वर्षं एका गावात राहून. ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. गयाबाई तिला म्हणाली, "मपलं थोबाड पाच येळा वापरलं. आता तुमचं तुमी काढा. मला बी इसावा पायजे."

मंदानं मान वर केली. मी खोकायला तोंड उघडलं, तर गयाबाईनं माझं मनगट धरलं आणि डोळ्यांनीच थांबवलं. आम्ही थांबलो.  नईमभाई पाठमोरे. मंदा कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत होती. पापणी एकदा हलली. आणि ती स्वतःच खोकली.

बारीक, पण स्वच्छ. नईमभाई वळले आणि त्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत आम्ही कचेरीत होतो. माझं लेखी निवेदन मी साहेबांपुढे ठेवलं: चेहरा पडताळायची जबाबदारी माझी होती, मी एकाच बाईला पाच वेळा बसू दिलं, यात घरच्या बायकांनी कुणाची फसवणूक करायचा हेतू नव्हता, त्या घाबरल्या होत्या. साहेबांनी दोनदा वाचलं. "बाई, हे लिहून देताय. परिणाम माहीत आहेत ना?" मी हो म्हटलं. त्यांनी मंदाचा ताजा फोटो हातात घेतला, मंदाकडे बघितलं. यादीतली मंदा ती हीच, हे सांगायला गावातून हमीदाबी काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी समोरच्या पॅनलवाल्याला विचारलं, "तेरे को कार्ड का ठिपका दिखा, और इसका शोहर, सास, बच्ची, कोई नहीं दिखा?" अर्ज मंजूर झाला. गयाबाईवर काही आलं नाही. माझ्या सेवापुस्तकात लाल शाईनं एक ओळ आली. निवृत्तीच्या वेळी कारकुनानं ती मला दाखवून दिलगिरी व्यक्त केली. मी म्हटलं, राहू दे, अख्ख्या पुस्तकात तेवढीच ओळ मी स्वतः कमावलेली आहे.

मंदा निवडून आली, सरपंच झाली. सासऱ्यांचा कारभार सहा महिने चालला; मग तिनं वाचल्याशिवाय सही करायचं बंद केलं. पाचवीचा वर्ग मिळवायला अर्जांवर अर्ज झाले, आणि तरी तो एक वर्ष उशिराच आला. ते वर्ष सुनीता माझ्या चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून होती, नापास न होता. तीच पुस्तकं तिनं पुन्हा वाचली, आणि माझ्या चुका काढल्या. पुढच्या जूनमध्ये ती पाचवीत गेली, तेव्हा तिच्याबरोबर अकरा मुली होत्या. बाकीच्या तीन जावांनीही आपापले फोटो काढून कार्डं बदलून घेतली. त्या दिवशी गयाबाई म्हणाली, "चार जनींचं उसनं परत आलं. आता मपलं थोबाड मला एकलीलाच."

तिचा स्वतःचा फोटो, पहिला, आठवतोय? डोळे अर्धवट मिटलेले आलेत. पाचांतला तेवढाच बिघडला. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही.

तर संपादकांचा फोटो. तीन आठवडे मी टाळाटाळ केली. जुने अल्बम चाळले. सगळीकडे ओठ आवळलेले. शेवटी गेल्या रविवारी मंदा भेटायला आली. सुनीताकडे आली होती; सुनीता आता शहरातच असते. मंदाचे केस पांढरे झालेत, पदर खांद्यावर असतो. मी तिला फोटोची अडचण सांगितली. ती म्हणाली, "त्यात काय? मी काढते," आणि पिशवीतून मोबाइल काढला.

मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. पदर नीट केला. मोबाइल पुढं धरून अंदाज घेतला. आणि मग पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"हे काय गं?"

"तुमचं तुमी बघा," ती भिंतीलाच म्हणाली. "तुमी खोकल्या की वळते."

मी बराच वेळ बसून राहिले. तिला घाई नव्हती. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मला वाटलं होतं, खोकणं म्हणजे दुसऱ्याला खूण करणं. खुर्चीत बसल्यावर कळलं, ती आधी स्वतःला करायची असते, आणि ते फार अवघड असतं. त्या खोलीत मंदानं ते कसं केलं असेल, देव जाणे.

मी ओठ सोडले, आणि खोकले.

फोटो लेखासोबत पाठवला आहे. दात दिसतात. छापताना कापू नये.